बघवत नाही

'मी असले सिनेमे बघत नाही' आणि 'मला असले सिनेमे बघवत नाहीत' ही दोन वाक्यं मराठीत अगदी वेगळी आहेत. पहिल्यात निवड आहे, कदाचित तत्त्वही असेल. दुसऱ्यात शरीराचा नकार आहे. जेववत नाही, उठवत नाही, ऐकवत नाही, त्याच जातीचं हे क्रियापद. व्याकरणात त्याला शक्य क्रियापद म्हणतात. माणूस हजर असतो, कधीकधी त्याची इच्छाही असते, पण क्रिया काही त्याच्या हातून होत नाही. रक्तपाती, अंगावर येणाऱ्या भयपटांवरून घराघरांत जे वाद होतात, त्यांतले बरेचसे ही दोन वाक्यं एकमेकांत मिसळल्यामुळे होतात असं मला वाटतं. बघणाऱ्याला वाटतं, समोरचा उगीच नाक मुरडतोय. न बघणाऱ्याला वाटतं, याचं काळीजच दगडाचं. खरं तर एकाच दृश्याला दोन शरीरं दोन वेगळी उत्तरं देत असतात.

आधी एक गाठ सोडवायला हवी. 'तुला हॉरर आवडतं का?' हा प्रश्नच मुळात मोघम आहे, कारण त्या एका शब्दात भीती आणि किळस अशा दोन भावना कोंबलेल्या आहेत. भरताच्या नाट्यशास्त्रानं, म्हणजे नाटकावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथानं, त्या केव्हाच वेगळ्या काढल्या होत्या. भयानक रसाचा स्थायी भाव भय, बीभत्साचा जुगुप्सा. एवढ्यावर न थांबता भरतानं बीभत्साचेही प्रकार पाडले: रक्त वगैरे पाहून होतो तो क्षोभज, विष्ठा आणि किडे पाहून होतो तो उद्वेगी. आजच्या पडद्यालाही ही विभागणी चपखल बसते. अंधाऱ्या जिन्यावर नुसती पावलं वाजली की उशीत तोंड खुपसणारा माणूस शस्त्रक्रियेचं चित्रण जेवता जेवता पाहू शकतो. उलट, भुताखेतांच्या सिनेमांवर वाढलेल्याला नख उपटण्याचा एक शॉट सहन होत नाही. रक्त चालतं पण ओकारी चालत नाही, ओकारी चालते पण किडे चालत नाहीत, असेही लोक असतात. म्हणून कुणाला सिनेमा सुचवायचा असेल तर 'हॉरर चालतं का' असं विचारून उपयोग नाही. काय चालत नाही, ते विचारावं.

शरीरातही या दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत. भीतीत हृदय धावतं, बाहुल्या विस्फारतात, स्नायू ताठ होतात. पळायची तयारी चाललेली असते. किळस मात्र तोंडात आणि पोटात घडते. नाक आक्रसतं, वरचा ओठ उचलला जातो, लाळ सुटते, मळमळतं. नासलेला घास थुंकून टाकताना होतो तसाच चेहरा होतो. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञानं आयुष्यभर किळसेवर काम केलं. त्यांची मांडणी अशी की ही भावना अन्नाची राखण करायला आली आणि मग पसरत पसरत शरीराच्या सीमेपर्यंत पोहोचली. जे आत असायला हवं ते बाहेर दिसलं की ती जागी होते. रक्तपाती सिनेमाचं सगळं भांडवल हेच: कातडीच्या पिशवीला भोक पाडायचं आणि आतलं बाहेर दाखवायचं.

एक विचित्र गोष्टही यातून उलगडते. मुंडकं उडालेलं लोक पापणी न लववता पाहतात, पण दात, डोळा, नख, टाचेमागची शीर यांवरचा छोटासा घाव बघवत नाही. माझ्या मते याचं कारण साधं आहे. मुंडकं उडाल्याचा अनुभव कुणाच्याच गाठीशी नसतो. दारात चिमटलेलं नख आणि डोळ्यात गेलेला कण मात्र प्रत्येकाच्या शरीराला आठवत असतो. जाणकार दिग्दर्शक म्हणूनच मोठ्या जखमेपेक्षा ओळखीची जखम निवडतो.

'बघवत नाही' याचं सगळ्यांत टोकाचं रूप म्हणजे रक्त पाहून येणारी भोवळ. हा भित्रेपणा नव्हे. शंभरात तीन-चार जणांना रक्त, सुई आणि जखम यांची खरीखुरी भयगंडाच्या पातळीची भीती असते आणि त्यांच्या शरीरात जे घडतं ते बाकीच्या भीतींपेक्षा उलटं असतं. साप पाहून घाबरलेल्याचा रक्तदाब चढतो आणि चढाच राहतो. यांचा आधी क्षणभर चढतो आणि मग एकदम कोसळतो. हृदयाची गती मंदावते, मेंदूकडे जाणारं रक्त कमी पडतं, कानात घुं होतं, घाम फुटतो, नजरेच्या कडा काळवंडतात आणि माणूस खाली येतो. अशा वेळी शेजारचे मायेनं सांगतात, 'दीर्घ श्वास घे, अंग सैल सोड.' नेमका हाच सल्ला इथे चुकतो, कारण अंग सैल सोडलं की आधीच घसरलेला दाब आणखी घसरतो.

उपाय उलटा आहे. लार्स-गोरान ओस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं तो पद्धतशीर बसवून दिला. हात, पाय आणि धडाचे स्नायू एकदम आवळायचे आणि चेहऱ्यावर ऊब चढल्यासारखी वाटेपर्यंत, म्हणजे साधारण १० ते १५ सेकंद, तसेच धरायचे. मग सोडायचे, पण पूर्ण ढिले करायचे नाहीत, नेहमीसारखे ठेवायचे. २० ते ३० सेकंदांनी पुन्हा. असं पाच वेळा. श्वास मात्र रोखायचा नाही. काळोख्या सभागृहात चक्कर येतेय असं वाटलं तर लोक उठून दाराकडे धावतात आणि पायऱ्यांवर कोसळतात. दृश्यानं जेवढं होत नाही तेवढं नुकसान त्या पडण्यानं होतं. त्यापेक्षा बसल्या जागी डोकं खाली घ्यावं. जागा असेल तर आडवं होऊन पाय वर ठेवावेत. आणि वारंवार असं होत असेल, सुईच्या धास्तीनं तपासण्या टळत असतील, तर यावर उपचार आहेत आणि ते बऱ्यापैकी लवकर लागू पडतात.

प्रेक्षकाला भोवळ येणं ही कधीकाळी जाहिरात होती. पॅरिसमध्ये १८९७ ते १९६२ या काळात ग्राँ गिन्योल नावाचं एक छोटं नाट्यगृह चाललं. रोज रात्री रंगमंचावर डोळे काढले जायचे, गळे चिरले जायचे, आणि किती प्रेक्षक बेशुद्ध पडले यावर प्रयोगाचं यश मोजलं जायचं. भयनाट्यांच्या मधोमध तिथे हलके विनोदी प्रवेश लावत. प्रेक्षकाला मध्ये सैल सोडल्याशिवाय पुढच्या वेळी ताणता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आजच्या भयपटांतही मोठ्या धक्क्याआधी एक खोटा धक्का आणि सुटकेचं हसू असतं, ते याच हिशेबानं.

पडद्यावरचं रक्त कसं बनतं हे एकदा करून पाहण्यासारखं आहे. एक कप घट्ट कॉर्न सिरप, एक मोठा चमचा खाण्याचा लाल रंग, एक लहान चमचा कोको आणि दोन-तीन थेंब निळा रंग. कोको थेट सिरपात टाकला तर गुठळ्या होतात, म्हणून आधी चमचाभर कोमट पाण्यात कालवून घ्यायचा. नुसता लाल रंग घातला तर रक्त जामसारखं पारदर्शक दिसतं. कोको त्याला गढूळपणा देतो आणि निळा थेंब नारिंगी झाक मारतो. पाणी जास्त झालं तर सरबतासारखं भराभर ओघळतं आणि खोटेपणा तिथेच उघडा पडतो. कृष्णधवल चित्रपटात तर रंगाचाही प्रश्न नव्हता. हिचकॉकच्या १९६० सालच्या 'सायको'मध्ये न्हाणीघरात वाहतं ते रक्त चॉकलेट सिरप आहे.

त्या दृश्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण भयपट आपल्याकडून काय करवून घेतो ते त्यात स्वच्छ दिसतं. पाऊण मिनिटाचा तो हल्ला, पण चित्रीकरण सात दिवस चाललं. सुरी अंगात शिरतानाचं स्पष्ट चित्र जवळजवळ नाहीच. हात वर जातो, चेहरा दिसतो, पाणी, पडदा, पाय. मधल्या फटी आपण भरतो. सुरीचा आवाज खरबुजात सुरी खुपसून मिळवला होता. अनेकांना आठवणीत तिथे उघडी जखम दिसते, जी पडद्यावर नसतेच. म्हणून 'फार काही दाखवलेलं नाही, बघून घे' हे आश्वासन कुणाला देऊ नये. ज्याची कल्पनाशक्ती तल्लख, त्याला न दाखवलेलंच जास्त छळतं.

आवाजाचा वाटा तर लोकांच्या लक्षातच येत नाही. हाडं मोडल्याचा आवाज सेलरीचे दांडे पिळून काढतात, मांस फाटल्याचा ओल्या कातड्यातून. किंकाळीसारखे चिरकणारे, फाटलेले, अचानक पट्टी बदलणारे सूर आपल्याला अस्वस्थ करतात, कारण घाबरलेल्या प्राण्याचा आवाजही गळ्याच्या ताकदीपलीकडे जाऊन असाच फाटतो. डॅनियल ब्लमस्टीन हे मार्मोट नावाच्या खारीच्या कुळातल्या प्राण्यांच्या हाकांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ. २०१० साली त्यांनी सहकाऱ्यांसह १०२ चित्रपटांतली दृश्यं तपासली, तेव्हा भयपटांत असे फाटके आवाज आणि किंकाळ्या अपेक्षेपेक्षा जास्त आढळल्या. यातून निघणारी युक्ती सोपी आहे. डोळे मिटल्यानं अर्धंच काम होतं. ज्याला दृश्य सहन होत नाही त्यानं डोळे मिटण्याआधी आवाज बंद करावा. आवाज गेला की तीच जखम बऱ्याचदा नुसती रबराची दिसू लागते. आवाजांचं वर्णन लिहून दाखवणारी सबटायटल सुरू ठेवली तर तीही कधीकधी आधीच सांगून टाकतात: 'जिना करकरतो.'

मग लोक हे आवडीनं का पाहतात?

रक्ताची भूक असते म्हणून, हे उत्तर टिकत नाही. १९९४ साली हाइट, मॅकॉली आणि रोझिन यांच्या गटानं महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना किळसवाणी माहितीपटासारखी दृश्यं दाखवली. त्यांत कत्तलखाना होता, शस्त्रक्रियेसाठी सोडवलेली चेहऱ्याची कातडी होती. हवं तेव्हा बंद करायची मुभा होती. दहांतल्या सुमारे नऊ जणांनी मध्येच बंद केलं. हीच पिढी त्याहून कितीतरी जास्त रक्त असलेले भयपट पैसे मोजून पाहत होती. फरक रक्ताच्या प्रमाणात नव्हता. एकीकडे संगीत होतं, गोष्ट होती, कॅमेऱ्याची करामत होती. दुसरीकडे तसलं काहीच नव्हतं.

नाट्यशास्त्रावर टीका लिहिणाऱ्या अभिनवगुप्तानं हाच धागा हजार वर्षांपूर्वी धरला होता. भयानकाचं उदाहरण म्हणून तो शाकुंतलातलं बाणाच्या भीतीनं मान वळवून पळणारं हरीण घेतो. प्रेक्षकाला जाणवणारं भय 'मी भ्यालो' असं नसतं आणि 'तो बिचारा भ्याला' असंही नसतं. कुणाच्याच मालकीचं नसलेलं, सगळ्यांसाठी खुलं झालेलं असं ते नुसतं भय असतं, म्हणून चाखता येतं. साधारणीकरण म्हणतात ते हेच. मला हे स्पष्टीकरण आजही सर्वांत पटतं, कारण रस कुठे भंगतो हेही ते सांगतं. भय पुन्हा कुणाच्या तरी मालकीचं झालं की चव संपते. नाट्यशास्त्र युद्ध, मरण, नगराला पडलेला वेढा हे अंकात प्रत्यक्ष दाखवू नका, प्रवेशकातून, म्हणजे घडून गेलेलं संवादातून सांगणाऱ्या छोट्या प्रवेशातून, कळवा असं सांगतं, ते मला सोवळेपणापेक्षा या रसभंगाच्या धास्तीतून आलेलं वाटतं.

१९८० च्या 'कॅनिबल होलोकॉस्ट' या इटालियन चित्रपटाचं उदाहरण घ्या. खून खरे असल्याच्या संशयावरून दिग्दर्शकाला आपले अभिनेते जिवंत आहेत हे सिद्ध करावं लागलं. ते जिवंत होतेच. प्राणी मात्र त्यात खरोखर मारले आहेत. कितीही रक्त पचवणारे कसलेले भयपटप्रेमी त्या जागा सोडून पुढे जातात. शरीर तेच, रक्त तेवढंच, पण तिथे 'हे खोटं आहे' ही चौकट नाही. 'बघवत नाही' हे वाक्य त्यांच्याही तोंडी येतं, फक्त वेगळ्या ठिकाणी.

चौकट शाबूत असली तरी मात्रा जुळावी लागते. डेन्मार्कमधल्या वायले इथल्या एका भयघरात, म्हणजे लोकांना घाबरवण्यासाठीच मांडलेल्या घरात, संशोधकांनी ११० जणांच्या हृदयाची गती मोजली आणि त्यांना मजा किती आली ते विचारलं. २०२० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की भीती फार कमी असली तरी मजा नाही, फार जास्त झाली तरी नाही. मधे कुठेतरी शिखर असतं. हे शिखर प्रत्येकाचं वेगळ्या जागी. म्हणूनच ज्या सिनेमानं एकाची झोप उडवली तो दुसऱ्याला कंटाळवाणा वाटतो आणि दोघंही खरं बोलत असतात.

सगळे एकाच कारणासाठी जातात असंही नाही. काहींना उसळी हवी असते. काहींना प्रत्यक्ष पाहताना फारशी मजा येत नाही, पण दात आवळून शेवटपर्यंत बसलो याचं समाधान मिळतं. तिसरा गट मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आधीच चिंतेत असलेली ही माणसं भयपटाकडे आधारासारखी वळतात. त्यांची चिंता निराकार असते. पडद्यावरच्या चिंतेला चेहरा असतो, सुरुवात असते आणि दोन तासांनी अंत असतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३१० जणांच्या एका अभ्यासात भयपटांच्या चाहत्यांना महासाथीच्या सुरुवातीच्या काळात मानसिक त्रास तुलनेनं कमी झालेला दिसला. भयपटांमुळेच तसं झालं असं यावरून म्हणता येत नाही, पण भयपट बघून माणूस बिघडतो या समजुतीला त्यानं छेद नक्कीच जातो. चाहत्यांना सहानुभूती कमी असते, हा जुना आरोपही नंतरच्या तपासण्यांत टिकलेला नाही.

आणि 'रक्त गोठवणारा' हा शब्दप्रयोग? नेदरलँड्समधल्या लायडन इथे २४ निरोगी स्वयंसेवकांना एक भयपट आणि एक शैक्षणिक चित्रपट दाखवून रक्त तपासलं गेलं. भयपटानंतर रक्त साकळण्याला मदत करणारा आठवा घटक वाढलेला निघाला. गुठळी मात्र बनली नव्हती. शरीर जखमेची तयारी करून बसलं होतं, एवढंच.

आता न पाहणाऱ्यांची बाजू. त्यांची सगळ्यांत रास्त तक्रार सिनेमाबद्दल नसते, नंतरच्या रात्रींबद्दल असते. हॅरिसन आणि कँटर यांनी १९९९ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा ९० टक्क्यांना लहानपणी किंवा किशोरवयात पडद्यावरच्या एखाद्या गोष्टीनं घाबरवल्याचं आठवत होतं, आणि २६ टक्क्यांत त्याची धास्ती तेव्हाही शिल्लक होती. मुलांच्या बाबतीत मोठ्यांची एक ठरलेली चूक होते. 'अरे, ते खोटं आहे' हे साधारण सात-आठ वर्षांखालच्या मुलाला पुरत नाही, कारण त्याची भीती दिसण्याशी बांधलेली असते. भला असला तरी विद्रूप चेहरा त्याला भिववतो. त्याला शब्दांपेक्षा मांडी, पांघरूण आणि उजेड लागतो. मेकअप कसा चढवतात ते टप्प्याटप्प्यानं दाखवलं तर मात्र फरक पडतो. मोठ्या मुलांचं उलटं असतं. त्यांना भुताची नसते तेवढी घरात शिरणाऱ्या चोराची भीती असते. तिथे 'खोटं आहे' म्हणण्यापेक्षा दाराची कडी सोबत जाऊन तपासणं जास्त कामाचं.

डोळ्यांसमोरून दृश्य हटत नसेल तर त्यावर एक चांगला प्रयोग आहे. २००९ साली एमिली होम्स आणि सहकाऱ्यांनी ४० जणांना १२ मिनिटांची भयंकर चित्रफीत दाखवली. अर्ध्या तासानंतर निम्म्यांनी १० मिनिटं टेट्रिस, म्हणजे वरून पडणारे ठोकळे जुळवायचा व्हिडिओ गेम, खेळला, बाकीचे स्वस्थ बसले. पुढच्या आठवड्यात खेळलेल्यांना ती दृश्यं कमी वेळा आठवली. गोष्ट विसरली नव्हती, चित्र तेवढं फिकं झालं होतं. डोळ्यांना गुंतवणारं काम ते चित्र पक्कं होण्याच्या आड येतं, अशी कल्पना आहे. याच गटानं नंतर शब्दांचा प्रश्नमंजूषेसारखा खेळ देऊन पाहिला, तर त्यानं उलट त्रास वाढला. तेव्हा सिनेमा संपल्यावर रात्रभर त्यावर चर्चा करण्यापेक्षा तुकडे जुळवायचं कोडं बरं. किळस मात्र भीतीइतक्या लवकर विरत नाही. भुताला पाच वेळा पाहिलं की ते ओळखीचं होतं, पण पुवाने भरलेली जखम पाचव्यांदाही पोट ढवळते. सवय करून घे म्हणून किळस असलेल्याला पुन्हा पुन्हा बसवणारे हे विसरतात.

एकत्र बघायचंच असेल तर काही गोष्टी आधी ठरवून घ्याव्यात. कोणत्या दृश्यात काय आहे याच्या याद्या आता सहज सापडतात. त्या वाचल्यानं मजा जाते असं म्हणतात, पण ज्याला बघवत नाही त्याच्यासाठी मजा तिथूनच सुरू होते, कारण मग उरलेला वेळ तो धास्तीत घालवत नाही. पडदा लहान, दिवा लागलेला, आवाज निम्मा आणि रिमोट न बघवणाऱ्याच्या हातात. रिमोट बघवणाऱ्याच्या हातात असला तर 'थांब, आता मजा आहे' असं होतंच. आणि डोळ्यांसमोर बोटं धरून बसलेल्यानं 'झालं का?' असं विचारलं, तर झालेलं नसताना 'हो' म्हणू नये. गंमत म्हणून एकदा जरी तसं केलं, तरी पुढच्या वेळी ते माणूस शेजारी बसत नाही.